हळद मेंदूपर्यंत का पोचत नाही, आणि नॅनोकण त्यात नेमकं काय करतात

पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली की डाग पिवळा असतो. साबण लावला की तो लाल होतो, आणि धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाकला की बराचसा उडून जातो. हे प्रत्येक घरात माहीत असतं. पण हळदीचं औषध मेंदूपर्यंत न्यायला इतकी वर्षं का लागताहेत, याचं निम्मं उत्तर या डागातच आहे.

डाग पाडणारा रेणू म्हणजे कर्क्युमिन. साबण अल्कधर्मी असतो. अल्कधर्मी वातावरणात कर्क्युमिनच्या रेणूतला हायड्रोजन सुटतो आणि रंग लालसर होतो. हळदीचं कुंकू होतं तेही याच गुणावर. पण हायड्रोजन सुटलेलं कर्क्युमिन टिकाऊ नसतं, ते मोडायला लागतं. उजेडातही मोडतं, म्हणून उन्हात डाग उडतो. आता आपल्या रक्ताचा पीएच ७.४ आहे, म्हणजे किंचित अल्कधर्मीच. प्रथिनं नसलेल्या, पीएच ७.२ च्या द्रावणात ३७ अंश सेल्सिअसला कर्क्युमिन ठेवलं तर अर्ध्या तासात त्यातलं सुमारे ९० टक्के नाहीसं होतं, असं १९९७ मध्ये मोजलं गेलं. रक्तातल्या प्रथिनांना चिकटून ते काही तास तग धरतं, पण शेवटी मोडतंच.

‘नॅनो’ असं ठळक छापलेल्या हळदीच्या कॅप्सूल आता ठाण्या-वाशीतल्या औषधांच्या दुकानांत सहज दिसतात, आणि घरात कुणाला विस्मरण किंवा कंपवात सुरू झाला की त्या घ्याव्यात का, हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर हो-नाही असं एका शब्दात देता येत नाही. ‘नॅनो’ हे औषधाचं नाव नाही, ते गाडीचं नाव आहे. गाडीत माल किती, ती कुठल्या रस्त्याने जाते, वाटेत कुठे रिकामी होते आणि मुक्कामी पोचल्यावर मालाला काही काम उरलेलं असतं का, हे एकेक पाहावं लागतं.

मेंदू खवट होतो

जवसाची चटणी महिनाभरात खवट होते, तूप मात्र कित्येक महिने टिकतं. जवसाच्या तेलातल्या मेदाम्लांत दुहेरी बंध जास्त असतात, आणि ऑक्सिजन नेमका तिथेच हल्ला करतो. मेंदूतल्या पेशींच्या आवरणात डीएचए नावाचं मेदाम्ल भरपूर असतं, आणि त्यात असे सहा दुहेरी बंध असतात. म्हणजे मेंदू हा तुपाच्या नव्हे, जवसाच्या जातीचा.

त्यात मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन तो खातो सुमारे २० टक्के. पेशीतल्या मायटोकाँड्रियात ऊर्जा तयार होताना थोडा ऑक्सिजन अर्धवट वापरला जाऊन सुपरऑक्साइड होऊन बाहेर पडतो. पेशीतलं एक विकर त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. एवढं चालतं. पण शेजारी मोकळं लोह असेल तर त्या पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं, आणि ते समोर येईल त्याला चावतं. वयानुसार मेंदूच्या काही भागांत लोह साठत जातं. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, ज्या पेशी मरतात त्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या. तिथे लोह जास्त असतंच, शिवाय त्या पेशी जे डोपामिन बनवतात तेही स्वतःहून ऑक्सिडाइझ होतं. घरातल्या सगळ्यात कोरड्या लाकडाशेजारी चूल मांडल्यासारखं हे आहे. अल्झायमरमध्येही मेद खवट झाल्याच्या खुणा सापडतात. हा ऑक्सिडेशनचा ताण आजाराचं मूळ आहे की आजार सुरू झाल्यावर उडालेला भडका, यावर वाद आहे. बहुधा दोन्ही.

यावर उपाय म्हणून हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन, द्राक्षाच्या सालीतलं रेस्वेराट्रॉल, हिरव्या चहातली कॅटेचिन्स पुढे येतात. ‘अँटिऑक्सिडंट म्हणजे फ्री रॅडिकल पुसून टाकणारं’ असं सरसकट सांगितलं जातं. फ्री रॅडिकल म्हणजे वर पाहिलेले असे चावरे रेणू. हे पुसणं परीक्षानळीत खरं आहे. मेंदूत मात्र साधं गणित आड येतं, आणि ते गणित आपण पुढे आकड्यांनिशी मांडूच.

माल वाटेतच संपतो

एका पेल्यात चमचाभर हळद ढवळा आणि दहा मिनिटं तसाच ठेवा. तळाशी गाळ बसतो. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. फोडणीत हळद घालण्यामागे चवीइतकंच हेही आहे. एक चमचा, म्हणजे साधारण ३ ग्रॅम हळद धरली आणि त्यात ३ टक्के कर्क्युमिन असलं तर हाती येतं ९० मिलिग्रॅम. जे आतड्यात विरघळतच नाही त्यातलं बहुतेक शौचावाटे जातं.

जे शोषलं जातं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच ग्लुकुरोनिक आम्लाची शेपटी जोडतात आणि बाहेरचा रस्ता दाखवतात. म्हणूनच दिवसाला ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन गिळणाऱ्या रुग्णांच्या रक्तातही त्याचं प्रमाण जेमतेम दोन मायक्रोमोलरच्या (द्रावणात रेणू किती, याचं हे माप) आत राहिलेलं आढळलं. बंगळुरूच्या एका गटाने १९९८ मध्ये दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिऱ्यातलं तिखट, दिलं तर शोषण २० पट वाढतं. हा आकडा तेव्हापासून प्रत्येक डबीवर छापला जातो. पण जवळपास शून्याची २० पट केली तरी फार काही होत नाही. शिवाय पायपरिन यकृताच्या ज्या विकरांना गप्प बसवतं ती विकरं तुमची इतर औषधंही हाताळत असतात. त्याकडे शेवटी वळू.

आणि मग मेंदूचं दार. मेंदूतल्या केशवाहिन्यांची एकूण लांबी काही शे किलोमीटर भरते. त्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की मधून पाण्यात विरघळणारी साखरही जाऊ शकत नाही, तिला वेगळं दार लागतं. घोडबंदर रोडवरचं एखादं मोठं गृहसंकुल डोळ्यांपुढे आणा. कुंपणाला फट नाही. गेटवर वॉचमन. काही जण कुंपणावरून उडी मारून आत येतात, तसे छोटे, तेलात विरघळणारे रेणू पेशीच्या आवरणातून आरपार जातात. पण आत फिरता गस्तवाला आहे, पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा, तो ओळख पटत नसलेल्यांना उचलून परत बाहेर टाकतो. रीतसर आत जायचं तर एकच वाट, आत कुणाकडे तरी पार्सल द्यायचंय असं दिसलं पाहिजे. नॅनोकणांचा सगळा खेळ या पार्सलच्या पिशवीचा आहे.

कण बनतो कसा

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. केस साधारण ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर जाड असतो. आपल्याला हवा असलेला कण १०० ते २०० नॅनोमीटरचा.

सगळ्यात रुळलेली पद्धत समजायला फिनाइल पुरे. काळं फिनाइल बादलीभर पाण्यात ओतलं की पाणी क्षणात दुधासारखं होतं. जे पाण्यात मिसळत नाही ते अतिसूक्ष्म थेंबांत विखुरतं आणि साबणासारखा घटक त्या थेंबांना एकमेकांना चिकटू देत नाही. प्रयोगशाळेत फिनाइलच्या जागी पीएलजीए असतं. विरघळणारे टाके ज्या कुळातल्या पदार्थाचे असतात तोच हा. शरीरात त्याचं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होतं आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी.

५० मिलिग्रॅम पीएलजीए आणि ५ मिलिग्रॅम कर्क्युमिन ५ मिलिलिटर ॲसिटोनमध्ये विरघळवायचं. दुसऱ्या पात्रात २० मिलिलिटर पाणी, त्यात १ टक्का पोलोक्झामर किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे तो साबणासारखा घटक. चुंबकीय ढवळणी चालू ठेवून ॲसिटोनचं द्रावण बारीक सुईने थेंबथेंब सोडायचं. पाणी निळसर-दुधी झालं पाहिजे, हळदीमुळे ते पिवळसर दिसतं. मग तीन-चार तास उघडं ढवळत ठेवून ॲसिटोन उडू द्यायचं. सेंट्रिफ्यूजमध्ये गुरुत्वाच्या १५,००० पट बलाने अर्धा तास, ४ अंशाला, फिरवून कण खाली बसवायचे, दोनदा धुवायचे, ५ टक्के ट्रेहॅलोज साखर घालून गोठवून कोरडे करायचे. हे सगळं पिवळ्या दिव्यात किंवा फॉइल गुंडाळून, कारण शर्टावरचा डाग विसरायचा नाही.

बिघडतं कुठे? ॲसिटोन घाईने ओतलं की कण मोठे आणि वेगवेगळ्या आकाराचे होतात. कर्क्युमिन जास्त कोंबलं तर ते कणात न जाता बाहेर स्फटिक होऊन बसतं, आणि हे स्फटिकही सेंट्रिफ्यूजमध्ये कणांबरोबरच खाली येतात. मग वरच्या स्वच्छ पाण्यात कर्क्युमिन सापडत नाही आणि हिशेबात ‘९५ टक्के आत गेलं’ असा सुंदर आकडा येतो. तो खोटा असतो. आधी कमी वेगाने पाच मिनिटं फिरवून पाहायचं. पिवळा चुरा खाली बसला तर तो माल गाडीच्या बाहेरच होता. ट्रेहॅलोज विसरलं तर गोठताना बर्फाचे स्फटिक कणांना एकमेकांवर दाबतात, आणि नंतर पाणी घातलं की तळाशी गुठळ्या. फिनाइलची बाटली फ्रीझरमध्ये ठेवून कुणी पाहत नाही, नाहीतर हे सगळ्यांना माहीत असतं.

दुसरी मोठी जात मेदाच्या कणांची. स्टिअरिक आम्ल किंवा ग्लिसरिल मोनोस्टिअरेट वितळवायचं, त्यात औषध मिसळायचं, गरम पाण्यात दाबाने किंवा अतिध्वनीने फोडायचं आणि थंड करायचं. इथली खोड तुपाची आहे. तूप सावकाश थिजलं की रवाळ होतं, मेदाचे रेणू शिस्तीत रांगा लावतात. औषधाच्या कणातही आठवड्यांनी असंच होतं, मेदाचे स्फटिक अधिकाधिक नीट रचले जातात आणि मध्ये अडकलेल्या कर्क्युमिनला बाहेर ढकलतात. बाटली दिसायला तशीच राहते, माल मात्र गाडीतून उतरलेला. यावर उतारा म्हणजे घट्ट मेदात थोडं तेल मिसळणं, म्हणजे रांगा कधीच नीट लागत नाहीत. अव्यवस्थेचा असा फायदा औषधशास्त्रात फार ठिकाणी मिळत नाही.

हिशेब

आता कबूल केलेलं गणित. वरच्या कृतीत ५ मिलिग्रॅम कर्क्युमिनपैकी ८० टक्के कणात अडकलं असं धरू. म्हणजे ४ मिलिग्रॅम माल आणि ५० मिलिग्रॅम गाडी. कणाच्या वजनातला माल साधारण ७.४ टक्के. कुणाला १०० मिलिग्रॅम कर्क्युमिन द्यायचं तर १३५० मिलिग्रॅम कण द्यावे लागतील, आणि शिरेतून द्यायला हे फार झाले. तरी दिले असं समजा. शिरेतून दिलेल्या बहुतेक कणांपैकी मेंदूत पोचणारा वाटा एक टक्क्याच्या आतच असतो. उदार होऊन एक टक्का धरू. म्हणजे १ मिलिग्रॅम. प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १३५० ग्रॅमचा. कर्क्युमिनचा रेणुभार ३६८. भागाकार केला की मेंदूत प्रमाण येतं सुमारे २ मायक्रोमोलर.

मेंदूच्या पेशींत ग्लुटाथायोन हा घरचा अँटिऑक्सिडंट आधीच १ ते ३ मिलिमोलर (एक मिलिमोलर म्हणजे हजार मायक्रोमोलर) असतो, म्हणजे आपण ओढूनताणून पोचवलेल्या कर्क्युमिनच्या पाचशे ते दीड हजार पट. एकेक रेणू जाऊन एकेक फ्री रॅडिकल पुसणार असेल तर ही मदत म्हणजे मासुंदा तलावात तांब्याभर पाणी ओतणं.

मग कशासाठी हा खटाटोप? कारण कर्क्युमिनसारखे रेणू पेशीतल्या एका स्विचला हात लावतात. एनआरएफ-२ नावाचं प्रथिन एरवी बांधून ठेवलेलं असतं. ते सुटलं की केंद्रकात जाऊन ग्लुटाथायोन बनवणारी विकरं आणि इतर बचावाची जनुकं चालू करतं. स्विच दाबायला तलावभर पाणी लागत नाही. दोन मायक्रोमोलर प्रमाण पेशींवरच्या प्रयोगांत इथे काही करू शकतं. म्हणून ‘फ्री रॅडिकल शोषून घेतं’ अशी जाहिरात दिसली की समजावं, लिहिणाऱ्याने भागाकार केलेला नाही.

दार उघडणारी पिशवी

शिरेत कण सोडला की काही सेकंदांत रक्तातली प्रथिनं त्याच्यावर चिकटतात. यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींना ही खूण ओळखीची असते, आणि बहुतेक माल तिथेच उतरतो. ठाण्याहून सुटलेल्या वाशी लोकलसारखं. ठाण्याला पाय ठेवायला जागा नसते आणि रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत वाशीला पोचेपर्यंत डब्यात हवा खेळते. कणावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा झुपकेदार थर दिला तर प्रथिनं कमी चिकटतात आणि प्रवास लांबतो.

दाराची किल्ली शोधली गेली ती जरा योगायोगानेच. १९९० च्या दशकात जर्मनीत यॉर्ग क्रॉइटर यांच्या गटाने दाखवलं की पॉलिसॉर्बेट ८० हा साबणासारखा पदार्थ कणावर चढवला तर एरवी मेंदूत न जाणारं वेदनाशामक उंदरांत परिणाम दाखवतं. कारण असं की पॉलिसॉर्बेटवर रक्तातलं एपोलिपोप्रोटीन ई चिकटतं. कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांवर हेच प्रथिन असतं, आणि मेंदूच्या केशवाहिन्यांवर त्याला ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. पेशीला वाटतं कोलेस्टेरॉलचं पार्सल आलंय, ती कण पोटात घेते आणि पलीकडे सोडते. तसंच ट्रान्सफेरिन किंवा लॅक्टोफेरिन ही लोह धरणारी प्रथिनं लावून लोहाच्या दारानेही जाता येतं.

गंमत म्हणजे ही किल्ली यकृतालाही लागते, आणि तिथे दारं जास्त. यकृतात काम करणारं पॅटिसिरान हे मेदकणातलं औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झालं, आणि त्यातले कण यकृतात शिरतात ते याच एपोलिपोप्रोटीन ई मुळे. शिवाय किल्ल्या जास्त लावल्या तर कण दाराला इतका घट्ट चिकटतो की पलीकडे सुटतच नाही. पेशी त्याला पोटात घेऊन पचवून टाकते. ट्रान्सफेरिनच्या ग्राहकावर हे स्पष्ट दिसलंय. सैल पकडच कामाची.

नाकातून देण्याचा मार्ग आकर्षक वाटतो, कारण नाकाच्या छतावरच्या गंधपेशी थेट मेंदूला जोडलेल्या आहेत, रक्त-मेंदूचा अडथळा टळतो. कायटोसान हा चिकट पदार्थ लावलेले कण नाकाच्या शेंबडाला चिकटून राहतात, नाहीतर नाक तो माल पंधरा-वीस मिनिटांत घशाकडे ढकलतं. पण उंदीर वासावर जगतो. त्याच्या नाकातला जवळपास अर्धा पृष्ठभाग गंधाचा, आपला दहा टक्क्यांच्याही आत. आपल्या एका नाकपुडीत १०० ते १५० मायक्रोलिटरपेक्षा जास्त मावत नाही, आणि साध्या स्प्रेचं बरंचसं पुढच्याच भागात पडतं. उंदरातल्या यशाचं माणसात अपयश होतं त्यातलं बरंच या भूगोलामुळे.

फसवे निकाल

‘कण मेंदूत पोचले’ असं म्हणणाऱ्या चित्रांकडे जरा संशयाने पाहायला हवं. कणात चमकणारा रंग घातलेला असतो. रंग कणातून सुटला आणि तेलात विरघळणारा असला तर तो एकटाच पेशीच्या आवरणात शिरतो, मेंदू चमकतो, कण यकृतात बसलेले. मेंदू काढण्याआधी सलाइनने रक्त धुतलं नाही तर केशवाहिन्यांतलं रक्तही मेंदूच्या खात्यात जमा होतं. केशवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटलेला कणही ‘मेंदूत’ धरला जातो, म्हणजे गेटवर उभा असलेला डिलिव्हरीवाला घरात आला असं मोजायचं. आणि ‘प्रति ग्रॅम मेंदूत डोसच्या एक टक्का’ हे वाक्य उंदराच्या बाबतीत भारी वाटतं, पण त्याचा मेंदू अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असतो.

औषध हळूहळू सुटतं हे दाखवणारे आलेखही असेच. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे साध्या बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या पाण्यासारख्या द्रावणात, ते कणातून बाहेर येणार तरी कुठे? बाहेर येतं तेवढं मोडतंही. आलेख छान सावकाश चढतो आणि लोक म्हणतात ‘७२ तास नियंत्रित पुरवठा’. बफरमध्ये थोडं ट्वीन ८०, म्हणजे तेच पॉलिसॉर्बेट ८०, घालून तोच प्रयोग केला की खरा वेग कळतो.

सगळ्यात मोठा फसवा भाग मात्र वेळेचा आहे. उंदराला पार्किन्सनसारखी अवस्था आणायला विष टोचतात, आणि बहुतेक प्रयोगांत अँटिऑक्सिडंट त्याच्या आधी किंवा त्याच दिवशी सुरू केलेलं असतं. माणूस डॉक्टरकडे जातो तो हात थरथरायला लागल्यावर. तोवर नायग्रातल्या त्या पेशींपैकी साधारण निम्म्या गेलेल्या असतात. अल्झायमरमध्ये अमायलॉइड हे प्रथिन मेंदूत साठायला सुरुवात होते ती विसरण्याच्या १५-२० वर्षं आधी.

माणसांत काय दिसलं

साधं कर्क्युमिन अल्झायमरच्या रुग्णांना देऊन पाहिलेल्या छोट्या चाचण्यांत फरक पडला नाही. २०१५ मध्ये ११९ रुग्णांवर वर्षभर रेस्वेराट्रॉलची चाचणी झाली, डोस वाढवत दिवसाला दोन वेळा १ ग्रॅमपर्यंत नेला, आणि औषध घेणाऱ्यांच्या मेंदूचं आकारमान उलट जास्त घटलं. त्याचा अर्थ काय यावर मतभेद आहेत. पार्किन्सनमध्ये ई जीवनसत्त्व ८०० रुग्णांत अपयशी ठरलं, कोएन्झाइम क्यू-१० सुद्धा २०१४ मध्ये ६०० रुग्णांत. अल्झायमरमध्ये मात्र दिवसाला २००० युनिट ई जीवनसत्त्वाने रोजची कामं करण्याची क्षमता थोडी सावकाश घसरली, ६१३ जणांत. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाणाऱ्या एएलएस या आजारात एडाराव्होन हे कृत्रिम अँटिऑक्सिडंट जपानमध्ये २०१५ ला आणि अमेरिकेत २०१७ ला मान्य झालं. तेव्हा कल्पना निकालात निघालेली नाही.

बारीक कणांच्या हळदीची सगळ्यात बोलली जाणारी चाचणी २०१८ ची, लॉस एंजेलिसमधली. ४० माणसं, ५१ ते ८४ वर्षांची, स्मृतिभ्रंश नसलेली, १८ महिने रोज दोन वेळा ९० मिलिग्रॅम. स्मृतीच्या चाचण्यांत फायदा दिसला. वापरलेलं कर्क्युमिन धावड्याच्या डिंकात दळून २०० नॅनोमीटरच्या आसपास केलेलं होतं. हो, लाडवातला तोच डिंक. पण पोटातून घेतलेले असे कण आतड्यात फक्त लवकर विरघळतात. पुढचा प्रवास सुट्या कर्क्युमिनचा असतो, कणाचा नाही. मेंदूचं दार उघडणाऱ्या कणांशी या कॅप्सूलचा संबंध केवळ नावापुरता. आणि ४० हा आकडा लहान आहे. नैसर्गिक अँटिऑक्सिडंट भरलेल्या नॅनोकणाला अल्झायमर किंवा पार्किन्सनसाठी औषध म्हणून मान्यता मिळालेली नाही. भारतात नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये आली. दुकानातल्या डब्या बहुतेक अन्नपूरक म्हणून विकल्या जातात, त्या वाटेने त्या येत नाहीत.

डबी हातात घेतल्यावर

‘नॅनो’ शब्दापेक्षा मागची बारीक छपाई वाचा. कणाचा आकार लिहिलाय का? कर्क्युमिन किती मिलिग्रॅम, की नुसतं ‘हळद अर्क ५०० मिलिग्रॅम’? पायपरिन किंवा ‘मिरी अर्क’ आहे का? असेल आणि घरातला माणूस फिटसाठी फेनिटॉइन घेत असेल, तर रक्तातलं फेनिटॉइन वाढू शकतं, आणि मग तोल जाणं, बोबडं बोलणं सुरू होतं. ते आजार वाढल्याचं लक्षण समजलं जातं. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर रक्तस्राव वाढण्याचा धोका. शोषण वाढवलेल्या हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. भूक मंदावली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर गोळी आधी बंद करायची आणि डॉक्टरांना डबीसकट दाखवायचं. रोजच्या भाजीतल्या हळदीने हे होत नाही.

कंपवातासाठी खाजकुइलीचं चूर्ण देणाऱ्यांनी तर फार जपावं. तो अँटिऑक्सिडंटचा विषयच नाही, त्या बियांत खरंखुरं लेव्होडोपा असतं, न मोजलेलं. डॉक्टरांच्या लेव्होडोपाच्या गोळीवर ते पडलं की अंग आपोआप वळवळायला लागतं आणि डोस कुणालाच जमवता येत नाही.

आणि स्वयंपाकघरातल्या हळदीबद्दल एक गोष्ट. हळकुंडं चकचकीत पिवळी दिसावीत म्हणून त्यावर लेड क्रोमेट चढवण्याचा प्रकार भारतात आणि बांगलादेशात सापडलेला आहे, आणि शिसं हे मेंदूचं सिद्ध झालेलं विष आहे, मुलांच्या मेंदूचं विशेष. मार्च-एप्रिलमध्ये वाशीच्या मसाला बाजारातून वर्षाची हळद भरणाऱ्यांनी अखंड हळकुंडं घ्यावीत. दोन-तीन हळकुंडं काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टाकावीत. टाकताक्षणी गडद पिवळ्या रेघा पाण्यात उतरायला लागल्या तर ते पोतं परत करावं. पाणी तसंच राहिलं, तर गिरणीत द्यायला हरकत नाही.